उत्तरे नसलेले पुस्तक : होशंगाबाद विज्ञानाची तीस वर्षे

पाठ्यपुस्तकाकडे वाङ्मयीन दृष्टीने पाहण्याची सवय आपल्याकडे नाही. भाषेच्या क्रमिक पुस्तकात कोणाची कविता घेतली आणि कोणाची गाळली यावर हमरीतुमरीने वाद होतात. परंतु विज्ञानाचे पुस्तक विज्ञानवाल्यांचे म्हणून आपण बाजूला सारतो. वास्तविक सहावी-सातवीतल्या मुलाच्या वाट्याला येणारे बरेचसे छापील गद्य हे भाषेच्या पुस्तकातले नसतेच. ते इतिहास-भूगोलाचे, विज्ञानाचे, नागरिकशास्त्राचे असते. त्या गद्याने मुलाला कोणत्या नात्याने हाक मारली, त्याला काय समजून त्याच्याशी बोलले, हा प्रश्न खरे तर आमच्यासारख्या साहित्य शिकवणाऱ्यांनी विचारायला हवा होता.

ज्या पुस्तकाच्या निमित्ताने हा लेख लिहीत आहोत ते पुस्तक हिंदीतले आहे. त्याचे नाव 'बाल वैज्ञानिक'. मध्यप्रदेश पाठ्यपुस्तक निगमाने ते सहावी, सातवी आणि आठवी या तीन इयत्तांसाठी छापले आणि होशंगाबाद जिल्ह्यातील माध्यमिक शाळांत (तिकडे सहावी ते आठवीला माध्यमिक म्हणतात) ते वर्षानुवर्षे सरकारी पाठ्यपुस्तक म्हणून वापरात होते. पुस्तक चाळताना पहिली गोष्ट ध्यानात येते ती ही, की यात उत्तरे नाहीत. व्याख्याही जवळजवळ नाहीत. 'हे करा', 'ते मोजा', 'टोळीत चर्चा करा', 'तुम्हांला काय दिसले ते वहीत लिहा' अशी आज्ञार्थी वाक्ये, आणि त्यांच्यामागोमाग प्रश्न. प्रश्नाखाली उत्तर नाही. उत्तर मुलाच्या वहीत येणार, आणि पुस्तक व वही मिळूनच संहिता पुरी होणार. वाचककेंद्री समीक्षेतले सिद्धान्त आम्ही पदव्युत्तर वर्गांना शिकवत आलो आहोत. वाचकाने संहितेतल्या रिकाम्या जागा भरायच्या असतात हे वाक्य आमच्या विद्यार्थ्यांना पाठ आहे. त्या रिकाम्या जागा एका राज्याच्या पाठ्यपुस्तक महामंडळाने अधिकृतपणे छापल्या होत्या, हे मात्र आम्हांला फार उशिरा कळले.

हे पुस्तक एका लेखकाचे नाही, एका समितीचेही नाही. १९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यातील सोळा शाळांत जो प्रयोग सुरू झाला त्याचे ते फलित आहे. इटारसी जंक्शन मराठी माणसाला चांगले ठाऊक असते, कारण उत्तरेकडे जाणारी गाडी तिथे बराच वेळ थांबते. तेथून जवळच नर्मदेच्या काठी होशंगाबाद. (२०२२ पासून त्याचे नाव नर्मदापुरम् झाले आहे; आम्ही येथे ऐतिहासिक म्हणून जुनेच नाव वापरतो.) शहरालगत रसूलिया येथे क्वेकर पंथीयांनी स्थापलेले फ्रेंड्स रूरल सेंटर होते. दुसरी संस्था 'किशोर भारती', जिल्ह्याच्या बनखेडी भागातली. ती अनिल सद्गोपाल यांनी उभी केली होती. सद्गोपाल हे रेण्वीय जीवशास्त्राचे संशोधक. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील जागा सोडून ते खेड्यात आले. या दोन संस्थांनी मिळून राज्य सरकारकडे सोळा शाळांत विज्ञान वेगळ्या रीतीने शिकवून पाहण्याची परवानगी मागितली आणि ती मिळाली. सरकारी शाळा, सरकारी शिक्षक, सरकारी परीक्षा. आणि त्यांच्या आत हा प्रयोग. खासगी आदर्श शाळा काढून तिथे वीसपंचवीस मुलांवर चमत्कार करून दाखवण्याची वाट आपल्याकडे पुष्कळांनी चोखाळली आहे. येथे ती जाणूनबुजून टाळलेली दिसते, आणि या कार्यक्रमाचे बळ व पुढे आलेले मरण ही दोन्ही याच निर्णयातून आली असे आमचे मत आहे.

प्रयोगाला पूर्वपीठिका होती. अखिल भारतीय विज्ञान शिक्षक संघटनेच्या भौतिकी अभ्यासगटाने प्रयोगांतून भौतिकी शिकवण्याचे साहित्य तयार केले होते, आणि मुंबईत टाटा संस्थेतील काही शास्त्रज्ञ महापालिकेच्या मराठी शाळांकडे वळले होते. याच हालचालीतून १९७४ मध्ये होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र उभे राहिले. होशंगाबादला सुरुवातीची मदत या मंडळींकडून झाली. पुढे लवकरच दिल्ली विद्यापीठातील प्राध्यापक आणि संशोधक विद्यार्थी मोठ्या संख्येने येऊ लागले. विद्यापीठातल्या प्राध्यापकाने खेड्यातल्या सहावीच्या वर्गासाठी महिनोन्‌महिने काम करावे आणि ते काम विद्यापीठाने काम म्हणून मान्य करावे, ही गोष्ट आज प्राध्यापकांच्या गुणांकनाच्या तक्त्यांत अडकलेल्या आमच्या पिढीला परीकथेसारखी वाटते.

मात्र प्राध्यापकांनी पुस्तक लिहिले आणि गुरुजींनी ते शिकवले, असे येथे झाले नाही. उन्हाळ्यात शिक्षकांची प्रशिक्षण शिबिरे भरत. ती तीन-तीन आठवड्यांची असत आणि एका शिक्षकाने सलग तीन वर्षे तीन इयत्तांसाठी यावे अशी अपेक्षा असे. शिबिरात शिक्षकांनी चार-चारांच्या टोळ्या करून मुलांनी करायचे तेच प्रयोग स्वतः करायचे. प्रयोग फसला तर का फसला याची चर्चा, प्रश्नाची भाषा कळली नाही तर प्रश्न बदलायचा. शाळा सुरू झाल्यावर दर महिन्याला आसपासच्या शाळांतील शिक्षक एका केंद्रावर जमत. त्याला 'मासिक गोष्ठी' म्हणत आणि केंद्राला 'संगम केंद्र'. वर्गात काय झाले, मुलांनी कोणती अडचण काढली, कोणता धडा चालला नाही, हे तिथे बोलले जाई. बाहेरचे सहकारी शाळांना भेटी देत; त्याला 'अनुवर्तन' हा शब्द होता. तपासणी हा शब्द टाळून अनुवर्तन हा शब्द घेतला यात नुसते सौजन्य नाही. शाळा तपासणीस आला म्हणजे गुरुजींची काय गाळण उडते हे मराठी कथा-कादंबऱ्यांच्या वाचकाला निराळे सांगायला नको. येथे येणारा माणूस वर्गात मुलांबरोबर जमिनीवर बसे आणि वर्ग कसा चालला याची नोंद घेऊन ती पुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीसाठी परत नेई. पुढे याच शिक्षकांतून 'स्रोत शिक्षक' तयार झाले आणि ते नव्या जिल्ह्यांत इतरांना प्रशिक्षण देऊ लागले.

१९७८ मध्ये कार्यक्रम होशंगाबाद जिल्ह्यातल्या सर्व, म्हणजे दोनशेहून अधिक, माध्यमिक शाळांत लागू झाला. 'बाल वैज्ञानिक'ची सरकारी आवृत्ती त्याच सुमाराची. याच वर्षी अरविंद गुप्ता नावाचा एक तरुण अभियंता पुण्याच्या टेल्को कारखान्यातून वर्षभराची रजा काढून तिथे दाखल झाला. आठवड्याच्या बाजारात फिरता फिरता सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी आणि आगपेटीच्या काड्या त्याने उचलल्या. काड्या नळीत खुपसून त्रिकोण, चौकोन, घन उभे केले. चौकोन दाबला की वाकडा होतो, त्रिकोण होत नाही, हे मुलाच्या बोटांना कळते. गुप्तांची ही खेळणी पुढे जगभर गेली, पुण्याच्या आयुका संस्थेतील बालविज्ञान केंद्रात त्यांनी दशकभर काम केले, २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण मुळात ती नळी होशंगाबादच्या बाजारातली.

येथे 'साधन' या शब्दाकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे. शाळेतले तंत्रज्ञान म्हटले की आज आपल्या डोळ्यांसमोर पडदा येतो. होशंगाबादच्या साधनपेटीत बाभळीचा काटा होता, कारण फुलाची चिरफाड करायला टाचणीपेक्षा तो सोयीचा आणि फुकट. औषधाच्या इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्या होत्या, भिंगे होती, परीक्षानळ्या होत्या. पेटी सरकार पुरवी आणि दरवर्षी तिच्यातल्या संपलेल्या-फुटलेल्या वस्तूंची भरपाई होणे अपेक्षित असे. ते वेळेवर होईच असे नाही. काही शाळांत पेटी कपाटात कुलुपबंद राही, कारण फुटले तर भरपाई कोणी द्यायची हा गुरुजींना पडलेला प्रश्न खराच होता. कार्यक्रमाच्या कर्त्यांनी या गोष्टी झाकून ठेवल्या नाहीत. सुशील जोशी यांनी 'जश्ने तालीम' या २००८ च्या पुस्तकात हा सगळा इतिहास सविस्तर मांडला आहे. हिंदी वाचू शकणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनी ते अवश्य पाहावे.

बाभळीचा काटा ही काही नुसती काटकसर नाही. मराठी मुलखाला हा विचार नवा नव्हता. १९३७ च्या वर्धा परिषदेतून निघालेल्या नयी तालीममध्ये टकळी हे शिक्षणाचे साधन झाले होते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि १९५७ नंतर कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी बालवाड्या चालवल्या तेव्हा माँटेसोरीच्या महागड्या साहित्याच्या जागी खडे, शिंपले, बिया, पाने आणली. कोसबाड आणि होशंगाबाद यांच्यात फरक आहे तो हेतूचा. कोसबाडला साहित्य स्वस्त केले ते मूळ पद्धत गरिबापर्यंत पोचावी म्हणून. होशंगाबादला काट्याबरोबर एक विधानही होते: विज्ञान ही प्रयोगशाळेत बंद असलेली वस्तू नाही, ज्या कुंपणावरून तुम्ही काटा मोडून आणलात तिथपर्यंत ते आहे. शेत, शेण, माशीची अळी, गव्हावरचा रोग, गावची माती ही सगळी पाठ्यवस्तू होती आणि मुले परिभ्रमणाला शेतात जात. शेतकऱ्याच्या मुलाला पीक आणि माती शिक्षकापेक्षा अधिक ठाऊक असते. अशा धड्यात वर्गातला उच्चनीचभाव थोडा वेळ का होईना उलटा होत असणार.

महात्मा फुल्यांची आठवण येथे अपरिहार्य आहे. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शाळांसाठी शेतकरी वर्गातले, नांगराला आणि सुताराच्या वाकसाला हात लावायला न लाजणारे शिक्षक मागितले होते. फुल्यांची ती मागणी बहुधा जातीच्या संदर्भातच वाचली जाते आणि ते योग्यच आहे. पण तिच्यात ज्ञानाविषयीचेही एक म्हणणे आहे. हाताने काम करणाऱ्याचे जे ज्ञान आहे ते शाळेच्या उंबऱ्याबाहेर ठेवून शाळा चालवली तर ती कोणाची शाळा होते? होशंगाबादच्या मंडळींनी फुल्यांना समोर ठेवून काम केले असे आमचे म्हणणे नाही. पण नव्वद वर्षांनी तोच प्रश्न त्यांना दुसऱ्या दाराने येऊन भिडला.

आता भाषेविषयी. आमच्या दृष्टीने हा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. होशंगाबाद जिल्ह्यातली मुले घरी बुंदेलीसारख्या बोली बोलत. केसला भागात गोंड आणि कोरकू मुले. (कोरकू म्हणजे आपल्या मेळघाटातलेच.) पाठ्यपुस्तकी हिंदी त्यांना जवळजवळ परकी. स्वातंत्र्यानंतरच्या परिभाषानिर्मितीच्या उत्साहात हिंदीत काय, मराठीत काय, विज्ञानाची पुस्तके तत्सम शब्दांनी गच्च भरली. 'बाल वैज्ञानिक'च्या कर्त्यांनी परिभाषा उशिरा आणण्याचे धोरण ठेवले: आधी अनुभव, मग गरज पडली तर नाव. एकच बाक निरनिराळ्या टोळ्यांनी मोजला की लांबी निरनिराळी येते. या गोष्टीला रूढ पुस्तकात 'त्रुटी' म्हणतात. येथे तिला 'घट-बढ़' म्हटले. शब्द बदलताच मुलाचा गुन्हा नाहीसा होतो. मोजमापात कमीजास्त होणारच, ते किती होते ते पाहू, अशी वृत्ती त्या शब्दात आहे. 'संयोग और संभाविता' या प्रकरणात मुलांनी नाणी उडवायची, फासे टाकायचे आणि सगळ्या टोळ्यांचे आकडे फळ्यावर एकत्र मांडायचे. एका टोळीचे आकडे वेडेवाकडे दिसतात, वर्गाचे एकत्र केले की त्यांना काही आकार येतो. सहकार्याने ज्ञान होते हे तत्त्व उपदेशाने न सांगता गणिताने दाखवणारे याहून चांगले उदाहरण आमच्या पाहण्यात नाही.

याच काळात मराठीत होमी भाभा केंद्रात वि. गो. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी भाषेच्याच प्रश्नाशी झगडत होते. विज्ञानाच्या पुस्तकाची भाषा हा वंचित समाजातल्या मुलांच्या वाटेतला मोठा अडसर आहे, असे त्यांना आढळले. आशय तोच ठेवून मराठी सोपे केले की मुलांचे आकलन वाढते, हे त्यांनी प्रत्यक्ष तपासून दाखवले. जळगाव जिल्ह्यातील खिरोद्याच्या परिसरातही या केंद्राने ग्रामीण शाळांत काम केले. मराठीच्या प्राध्यापकांनी या संशोधनाची जेवढी दखल घ्यायला हवी होती तेवढी घेतली नाही. प्रमाणभाषा आणि बोली यांवर आपल्याकडे परिसंवादांना तोटा नाही. पण प्रमाणभाषेने विज्ञानाच्या तासाला कोणाला नापास केले याचा हिशोब भौतिकीच्या माणसांनी मांडावा, याची आम्हांला थोडी लाज वाटते.

पुस्तकात उत्तरे नाहीत तर परीक्षा कशी घ्यायची? येथे कार्यक्रमाने आपली खरी पत पणाला लावली. परीक्षेत पुस्तक आणि वही जवळ ठेवण्याची मुभा होती, आणि लेखी परीक्षेबरोबर प्रयोगाचीही परीक्षा होती. पाठांतर निरुपयोगी ठरेल असे प्रश्न काढायचे, आणि तेही शिक्षकांनीच एकत्र बसून. प्रश्नपत्रिका काढणे हे वाङ्मयनिर्मितीइतके अवघड आहे असे आम्ही विनोदाने म्हणत असतो. ज्यांनी उघड्या पुस्तकाची प्रश्नपत्रिका काढून पाहिली आहे त्यांना हा विनोद वाटणार नाही.

होशंगाबादची ही वाटचाल सुरू असतानाच शाळेतील तंत्रज्ञानाचा अगदी उलट टोकाचा प्रयोगही भारतात झाला. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात अमेरिकेच्या उपग्रहावरून सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे कार्यक्रम दाखवण्यात आले; 'साइट' या नावाने तो प्रयोग ओळखला जातो. सकाळी शाळेतल्या मुलांसाठी कार्यक्रम, सुटीच्या काळात शिक्षकांचे प्रशिक्षण. तेव्हाच्या मध्यप्रदेशातला, आज छत्तीसगढात असलेला भाग त्यात होता. गंमत अशी की दोन्ही ठिकाणी एक माणूस समान आहे. यशपाल हे टाटा संस्थेतले विश्वकिरणांचे अभ्यासक. होशंगाबादच्या प्रारंभीच्या पाठीराख्यांपैकी एक, आणि अहमदाबादच्या अवकाश उपयोजन केंद्राचे संचालक म्हणून 'साइट'च्या मागचेही प्रमुख. बाभळीचा काटा आणि उपग्रह यांत त्यांना विरोध वाटला नाही. आम्हांलाही तो साधनांत वाटत नाही. साधन मुलापर्यंत उत्तर घेऊन येते की प्रश्न, आणि मुलाचे म्हणणे उलट दिशेने जाण्याची वाट त्यात आहे की नाही, एवढाच भेद आम्हांला महत्त्वाचा वाटतो. उपग्रह खाली बोलत होता. खालून वर जाणारा आवाज संशोधकांच्या पाहण्यांतून जेवढा जाई तेवढाच. होशंगाबादला वर जाण्यासाठी मासिक गोष्ठी होती.

१९८२ मध्ये भोपाळला 'एकलव्य' ही संस्था स्थापन झाली आणि कार्यक्रमाची जबाबदारी तिच्याकडे आली. हळूहळू पंधरा जिल्ह्यांतल्या शेकडो शाळांपर्यंत तो पोचला. त्याचबरोबर प्राथमिक शाळांसाठी आणि सामाजिक शास्त्रांसाठीही तसेच उपक्रम निघाले. आणि २००२ च्या जुलैमध्ये मध्यप्रदेश सरकारने तो बंद केला. तीस वर्षांनी, एका आदेशाने.

या बंदीची चर्चा बहुधा सत्तेने चांगल्या कामाचा गळा घोटला अशा सुरात होते. तो सूर चुकीचा नाही, पण त्यात विरोधकांच्या म्हणण्याचा विचार होत नाही, आणि ते म्हणणे समतेच्या भाषेतच होते. सगळ्या राज्यात एक अभ्यासक्रम असताना होशंगाबादच्याच मुलांनी निराळे का शिकायचे? नववी-दहावीला पुन्हा तेच जुने पुस्तक, तीच पाठांतराची परीक्षा. मग आमची मुले मागे पडली तर जबाबदार कोण? शहरातल्या मुलांना व्याख्या आणि सूत्रे, आमच्या मुलांना काटे आणि शेण? जिल्हा पातळीवरून बंदीची मागणी आली ती अशा युक्तिवादांवर, आणि त्यामागे स्थानिक राजकारण होते हे मान्य करूनही हे प्रश्न पोकळ ठरत नाहीत. ज्याच्या घराण्यात कोणी शिकले नाही त्या बापाला मुलगा शाळेत प्रश्न विचारायला शिकतो याचे कौतुक वाटेल. पण त्याने दहावी पास व्हावे ही गरज त्याहून निकडीची असते.

जे. पी. नाईक यांनी १९७५ च्या आपल्या एका पुस्तकात समता, गुणवत्ता आणि संख्या यांचा एक त्रिकोण भारतीय शिक्षणाला सतत हुलकावणी देत आला आहे अशी मांडणी केली होती. कोल्हापूरच्या मातीतला हा माणूस कोठारी आयोगाचा सदस्य-सचिव होता आणि त्या आयोगाने श्रीमंत-गरीब सर्वांसाठी समान शाळेची शिफारस केली होती. होशंगाबादमध्ये त्रिकोणाच्या दोन बाजू सांधल्या गेल्या: गुणवत्ता, आणि साध्या सरकारी शाळेतल्या मुलांची समता. तिसरी बाजू, म्हणजे सगळे राज्य, सांधली गेली नाही. चांगली गोष्ट काही जिल्ह्यांपुरती राहिली की ती विशेषाधिकार वाटू लागते किंवा शिक्षा वाटू लागते. होशंगाबादच्या पालकांना ती शिक्षा वाटावी अशी व्यवस्था नववीच्या पुस्तकाने केली होती. तेव्हा खरा वाद 'समता हवी की नको' हा नव्हताच. सर्वांना सारखे पुस्तक म्हणजे समता, की सर्वांना विचार करण्याची सारखी संधी म्हणजे समता, हा होता. आणि पहिला अर्थ आदेशात लिहायला सोपा आहे. सद्गोपाल नंतरच्या आयुष्यात समान शाळा पद्धतीचे कट्टर पुरस्कर्ते झाले, ते उगीच नव्हे.

आमचा कौल कार्यक्रमाच्या बाजूने आहे. उपाय नववी-दहावी बदलण्याचा होता. सहावी-सातवीचे पुस्तक काढून घेण्याचा नव्हता. आणि हे बोलण्याचे धाडस तीन वर्षांतच राष्ट्रीय पातळीवर झाले. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ च्या सुकाणू समितीचे अध्यक्ष यशपाल होते, आणि मुलाने ज्ञान स्वतः रचायचे असते हा विचार त्या आराखड्याच्या मध्यभागी आहे. ज्या राज्याने होशंगाबाद बंद केले त्या राज्यासह सगळ्या देशाला त्याच विचाराची शिफारस झाली. अर्थात आराखडा कागदावर असतो आणि मासिक गोष्ठीला माणसे लागतात.

त्यानंतरची कथा पडद्यांची आहे आणि ती आम्ही थोडक्यात सांगतो. शाळेत संगणक येण्याला १९८४ च्या 'क्लास' योजनेपासून सुरुवात झाली होती. १९९९ मध्ये सुगत मित्रांनी दिल्लीच्या कालकाजीत भिंतीच्या भोकात संगणक बसवला. पुढे ते भोक आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातही आले. मुले एकमेकांच्या मदतीने आपापली शिकतात, हे त्यांचे प्रतिपादन होशंगाबादच्या जवळचे वाटते खरे, परंतु त्यात शिक्षक नाही, आणि शिक्षक वगळून स्वस्त होणाऱ्या समतेविषयी आम्हांला शंका आहे. २००७ मध्ये कर्जत तालुक्यातील खैराट या धनगरवाड्याच्या एकशिक्षकी शाळेत वीसबावीस मुलांना स्वस्त लॅपटॉप मिळाले आणि होमी भाभा केंद्राची मंडळी त्या कामात होती. त्याच लॅपटॉपांचा पेरू देशात फार मोठा प्रयोग झाला आणि २०१२ च्या पाहणीत गणित व भाषेत मुलांची प्रगती त्यामुळे झाल्याचे दिसले नाही. २०२० च्या टाळेबंदीत घरात एक मोबाइल आणि तीन भावंडे असली की तो कोणाच्या हाती जातो आणि मुलीची पाळी कितवी येते, हे आमच्या विद्यार्थिनींनी आम्हांला पुरेसे सांगितले आहे.

महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तकांत २०१७ नंतर क्यूआर कोड छापले जाऊ लागले. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांनी आपल्या शाळेत सुरू केलेल्या या उपक्रमाची कीर्ती २०२० च्या जागतिक शिक्षक पुरस्कारापर्यंत गेली. संहितेच्या दृष्टीने हा कोड मोठा मनोरंजक आहे. 'बाल वैज्ञानिक'मध्ये जिथे रिकामी जागा होती तिथे आता एक काळा-पांढरा चौकोन आहे, आणि त्याच्यापलीकडे चित्रफीत. ती चित्रफीत प्रश्न विचारणारीही असू शकते, त्याला कोडाची हरकत नाही. पण तो उघडायला फोन लागतो.

होशंगाबादच्या मुलाला पोस्टकार्ड लागे. सवालीराम नावाचे एक कल्पित पात्र या कार्यक्रमाने निर्माण केले होते. मुलांनी त्याला हवे ते प्रश्न पत्राने विचारायचे आणि सवालीरामच्या सहीने प्रत्येकाला उत्तर जायचे. सवालीराम कोणी एक माणूस नव्हता, ज्याला त्या प्रश्नातले कळते तो त्या दिवशीचा सवालीराम. एकलव्यच्या हिंदी 'संदर्भ' द्वैमासिकात हे नाव पुढे सदर म्हणून आले (पुण्याच्या मराठी 'शैक्षणिक संदर्भ'ला प्रेरणा याच द्वैमासिकाची), आणि २००२ मध्ये शाळांतला कार्यक्रम बंद झाल्यावरही त्या पानांवर सवालीराम लोकांच्या प्रश्नांना उत्तरे देत राहिला.